खळ काढलेला पंख

बाबांना उडताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला आधी दिसले ते त्यांच्या बुटांचे तळवे.

भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात मी डिस्पॅचला आहे. त्या दिवशी सकाळची शिफ्ट होती, गाड्या अजून लागायच्या होत्या, आणि मी चहाचा ग्लास घेऊन रॅम्पवर उभी होते. कुठूनतरी मोटरसायकलचा आवाज यायला लागला. मी रस्त्याकडे पाहिलं, तर सगळे ड्रायव्हर माना वर करून उभे होते. त्यातला एक मला म्हणाला, "मॅडम, ऊपर देखो, आदमी जा रहा है." वर एक निळं-पांढरं लांबट कापड कमानीसारखं ताणलेलं होतं. त्याखाली दोऱ्याच दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या खाली पाठीवर जाळीचा गोल पिंजरा बांधलेला एक माणूस. पिंजऱ्यात पंखा गरगरत होता आणि माणूस खुर्चीत बसल्यासारखा पाय पुढे टाकून निवांत चालला होता. त्याच्या बुटांचे तळ नारिंगी होते. असे बूट मी बाबांना वाढदिवसाला दिले होते, साखर वाढलीय तर जरा चालत जा म्हणून.

असे बूट काय जगात एकाकडेच असतात, असं मनाशी म्हणून मी हसलेसुद्धा. मग मला दिसलं की त्या माणसाचा उजवा पाय हलतोय. बाबा कुठेही बसले की त्यांचा उजवा पाय हलतो. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरकडे, बँकेत. आई आयुष्यभर त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवत आली आहे. तोच पाय आता गोदामांच्या पत्र्यांवर हलत होता. माझ्या हातातला चहा माझ्याच सँडलवर सांडला, आणि भाजलं हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर पेपर वाचत बसले होते, जसं काही झालंच नाही. मी विचारलं तर म्हणाले, दिसलो का? बस्स, एवढंच. कामशेतला लग्नाला जातो सांगून ते आठवड्याआड जात होते, ते सगळं हे शिकायला. पौषात कोण लग्न लावतं, हे आईच्या लक्षात यायला हवं होतं. पण आमच्याकडे गोतावळा इतका मोठा आहे की कुणाचं ना कुणाचं काहीतरी असतंच. आईने सगळं ऐकून घेतलं, उठली आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. त्या दिवशी भाकऱ्या थापल्याचा आवाज जरा जास्तच येत होता.

साठी जवळ आलेला माणूस पाठीवर इंजिन बांधून का उडतो, याचं कारण मी बाबांना कधी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. आमच्या घरामागच्या शेडमध्ये आमचे लूम होते. मी जन्मले ती त्या खडखडाटात. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात ते त्यामुळेच. मग धंदा बसला, लूम भंगारात गेले, शेड एका ऑनलाइन मालवाल्याला गोदामाला दिली. खोके येतात, खोके जातात, आवाज कसला म्हणून नाही. सगळे म्हणाले, सुटलात, आता आराम करा. बाबा त्या शांततेने वाळत चालले होते. दुपारी झोपायचे आणि दचकून उठायचे, लूम बंद पडला असं वाटून. त्यांना पाठीवर ते टू-स्ट्रोक इंजिन मिळालं तेव्हा त्यांना झोप लागायला लागली. हे मला दिसत होतं, आणि तरीही मला त्यांचा राग येत होता. दोन्ही एकाच वेळी होतं माणसाला.

बाबांची स्वतःची उडायची सगळी सामग्री आमच्या ओटीवर आली तेव्हाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथेच सुरू झालं. इंजिन आणि पिंजरा, अंगाला बांधायचे पट्टे, हेल्मेट, हातात धरून वेग वाढवायची मूठ आणि एका पिशवीत दडपून भरलेलं ते कापड. बाबांचे कामशेतचे शिक्षक त्याला विंग म्हणायचे, बाबा पंख म्हणायचे, आई शेवटपर्यंत कापडच म्हणत राहिली. दोन थर शिवून मध्ये कप्पे केलेले असतात, पुढच्या बाजूने तोंडं उघडी. धावायला लागलं की हवा त्या तोंडांतून आत शिरते, कप्पे फुगतात, आणि लोंबणाऱ्या कापडाचा पंख होतो. शिक्षकांनी हे समजावून सांगितलं आणि शेवटी बजावलं की हे धुवायचं नाही, इस्त्री करायची नाही, उन्हात टाकून ठेवायचं नाही. फार तर ओल्या फडक्याने पुसायचं.

बाबांनी मान डोलावली आणि कापड अंगठा नि बोटात धरलं. भिवंडीत कापडाचा धंदा केलेल्या माणसाच्या हातात कापड द्या, तो दुसरं काही करूच शकत नाही. बोटात धरून एकदा घासायचं, मग मुठीत चुरगळायचं आणि सोडून बघायचं. याला पास करणं म्हणतात. बाबांचा हात त्यात नावाजलेला होता. दुसऱ्यांचा मालसुद्धा लोक त्यांच्याकडे पास करायला आणायचे. आणि रिवाज असा की एकदा त्यांनी पास केलं की पुढे तक्रार आली तर ती विणणाऱ्याकडे जायची नाही, बाबांकडे यायची.

ते कापड मुठीत कागदासारखं कुरकुरलं. बाबांनी आईकडे दिलं, आईनेही चुरगळलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"खळ हाय," आई म्हणाली.

ज्यांच्या घरी लूम नव्हते त्यांच्यासाठी सांगते. लुमावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, म्हणजे कांजी. त्याने सूत कडक होतं आणि विणताना तुटत नाही. विणून झालं की खळ धुऊन काढायची, मग कापड मऊ पडतं. पण काही लबाड व्यापारी विरळ विणीच्या कापडात खळ ठासून भरतात. हाताला भरदार लागतं, आणि घरी नेऊन एकदा धुतलं की मच्छरदाणी. असा माल विकणारा गिऱ्हाइकाला एक गोष्ट हमखास सांगतो: धुऊ नका. त्यामुळे शिक्षक गेल्यावर आईबाबा दोघंही बराच वेळ हसले. त्या इंजिनावरून घरात अबोला चालू होता, तरी हसले. परदेशातले लोकसुद्धा खळ घालतात म्हणून. मीही हसले, कारण मीही त्याच घरातली.

आई मात्र उडण्याकडे पाठ फिरवून होती, अगदी खरोखरची पाठ. गावाबाहेर गोदामासाठी माती टाकून सपाट केलेली एक जागा होती, बांधकाम अजून सुरू व्हायचं होतं. जागेवाला आमच्या नात्यातला. बाबा तिथून उडायचे. कागदपत्रं, परवानग्या, किती उंचीवर जायचं, कधी जायचं, ते सगळं शिक्षक बघायचे. इंजिनाचा आवाज आमच्या परसात ऐकू यायचा. तो सुरू झाला की आई कपडे वाळत घालायची ती घराच्या दुसऱ्या बाजूला. बाबा परत आले की ताट वाढायची, पण विचारायची नाही. पेट्रोलचा वास येतो म्हणून ते इंजिन तिने न्हाणीघरापलीकडे ठेवायला लावलं होतं.

मग एकदा बाबा खाजणात उतरले. वारा फिरला आणि ते भरावावर उतरायच्या ऐवजी पलीकडे खाडीच्या चिखलात गेले. त्यांना काही झालं नाही, गुडघ्यापर्यंत रुतले एवढंच, पण पंख पार बरबटला. पुढचे कित्येक दिवस ते अंगणात वाकून ओल्या फडक्याने एकेक कप्पा पुसत होते. चिखल वाळायचा, पांढरे डाग पडायचे, पुन्हा पुसायचे. कंबर धरून उठायचे, पुन्हा बसायचे. स्वतःच्या चपला कधी पुसल्या नाहीत त्या माणसाने. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल, बरी खोड मोडली. ती नुसती बघत राहिली.

बाबा नाशिकला एका दहाव्याला गेले आणि मी ड्युटीवर होते, त्या दिवशी आईने रिक्षा बोलावली. पिशवी उचलली आणि ज्या धुलाईवाल्याकडे आमचा माल वर्षानुवर्षं जायचा, त्याच्याकडे घेऊन गेली. तो घरचाच माणूस. तिने त्याला समोर उभं राहून सगळं सांगितलं: दोऱ्यांना पाणी लागता कामा नये. दोऱ्या तिने स्वतः उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधलं होतं. मग त्याने कापड सोड्याच्या गरम पाण्यात भिजत ठेवलं, खळ काढतात तसं. चोळलं, पिळलं, कापड मऊ पडायचं औषध दिलं आणि शेवटी गरम इस्त्री फिरवली. मी संध्याकाळी घरी आले तर ओटीवर कापडाची ताग्यासारखी नीट घडी घातलेली, वर झेंडूचं एक फूल ठेवलेलं.

मी हात लावून पाहिला. इतकं मऊ झालं होतं की गालाला लावावंसं वाटलं. आईला विचारलं, हे काय गं, तुला तर ते डोळ्यासमोर नको होतं. ती म्हणाली, वर जाणार तर निदान स्वच्छ जाऊ देत, खालून सगळा गाव बघतो. एवढं बोलून ती लाजली. माझी आई लाजताना मी पहिल्यांदा पाहिली आणि मी इतकी गोंधळले की काहीतरी थट्टा करून विषय बदलला.

बाबा आले, घडी पाहिली आणि दारातच थांबले. शिक्षकांनी बजावलेलं त्यांना आठवलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं आता घरात स्फोट होणार. त्यांनी खाली बसून घडीचं टोक उचललं, अंगठा नि बोटात धरलं, घासलं, मुठीत दाबलं, सोडलं. कापड आवाज न करता उलगडलं. त्यांनी पुन्हा एकदा केलं. मग आईकडे वर बघून म्हणाले, "आता कापड झालं." तेवढ्यानेच आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या रविवारी आई बघायला आली. अबोली माळली होती. भरावावर आम्ही तिघं आणि जागेचा रखवालदार, एवढेच. शिक्षक त्या दिवशी कामशेतलाच होते. बाबा आता एकटे उडण्याइतके तयार झाले होते. वारा समोरून अलगद येत होता. बाबांनी पंख मागे पसरला, इंजिन पाठीवर घेतलं, आईकडे एकदा पाहिलं आणि धावायला लागले.

पंख उठला, पण आळसावल्यासारखा. एरवी चटकन डोक्यावर यायचा, आज मागेच लोंबत राहिला. बाबांना फार पळावं लागलं. भरावाची कड जवळ यायला लागली तरी मी स्वतःला सांगितलं की वारा कमी असेल. अगदी कडेला त्यांचे पाय सुटले आणि ते वर गेले. आईने तोंडावर पदर धरला. ते हळूहळू चढले, शेजारच्या गोदामाच्या पत्र्याच्याही वर, आणि वळून आमच्याकडे यायला लागले. तिला दाखवायला.

मग इंजिनाचा आवाज वाढला आणि बाबा जागच्या जागी थांबले. हवेत, तिथल्या तिथे. पुढे सरकेनात. आवाज आणखी वाढला, आणि ते खाली यायला लागले. विहिरीत बादली सोडावी तसे, सरळ. वरचं कापड फाटलं नव्हतं, मिटलं नव्हतं, छान पसरलेलं होतं. काही बिघडलंय असं बघणाऱ्याला वाटावं असं काहीच त्यात नव्हतं. बाबा दोन्ही हातांनी दोऱ्या खाली ओढत होते, उतरताना ओढतात तशा. आईला वाटलं ते तिच्यासाठी खाली येतायत. तिने हात वर केला आणि हलवला.

ती हात हलवत असतानाच ते भरावाच्या कडेच्या दगडांवर आपटले.

तो आवाज मी सांगू शकत नाही. इंजिन त्यानंतरही सुरूच होतं, पंख्याचे तुकडे उडत होते, आणि ते मऊ, स्वच्छ कापड सावकाश येऊन सगळ्यावर पसरलं. मी धावले. रखवालदाराने इंजिन बंद केलं. कापड बाजूला केलं तर बाबा डोळे उघडे ठेवून पडले होते आणि त्यांचा उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला होता. हलत नव्हता. मला आठवतंय, मी त्या पायाकडे बघून मनात म्हणत होते, हलव, हलव ना. आई तिथेच उभी होती, जिथे होती तिथे. तिचा हात अजून वर होता.

पाय दोन ठिकाणी मोडला होता, मणक्यालाही दाब बसला होता. जिवावरचं पायावर निभावलं, असं सगळे भेटायला आलेले म्हणत होते. इमर्जन्सीचं छोटं पॅराशूट होतं की, ते का नाही उघडलं, असंही विचारत होते. एवढ्या कमी उंचीवर ते उघडायला वेळ मिळत नाही, हे मी इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी चिडून बोलायचीच बंद झाले.

बाबांचं ऑपरेशन झाल्यावर शिक्षक घरी आले. कशाने झालं हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी अंगणात सगळं मांडलं. इंजिन तपासलं, पेट्रोल हुंगलं, दोऱ्या एकेक करून ओढून पाहिल्या. आई पायरीवर बसली होती. मग त्यांनी कापड हातात घेतलं आणि ते थांबले. बोटांवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. आईला म्हणाले, काकू, जरा इकडे या, याच्यामागे तळहात धरा. आईने धरला. त्यांनी कापडाला तोंड लावलं आणि फुंकर मारली.

आईने हात झटकन मागे घेतला, चटका बसावा तसा.

शिक्षकांनी विचारलं, हे धुतलंय का? आई म्हणाली, खळ काढली.

त्यांनी कापड खाली ठेवलं. मग पायरीवर तिच्या शेजारी बसले आणि अगदी हळू म्हणाले, "काकू, ती खळ नव्हती. त्या लेपानेच हवा आत राहत होती."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माझ्याकडे बघून, कारण आईकडे त्यांना बघवत नव्हतं. या कापडाला विणल्यावर एक लेप देतात, त्यामुळेच ते कुरकुरतं. लेप असेल तर कापडातून हवा आरपार जात नाही. कप्प्यात कोंडलेल्या हवेनेच पंखाला आकार येतो आणि आकाराने तो पुढे जातो. लेप गेला की हवा झिरपते. तरी पंख उघडा दिसतो, उचलतोही, पण इंजिनाची ताकद लावली की मागे पडतो आणि मग नुसती छत्री होऊन खाली येतो. अशा वेळी दोऱ्या सोडून द्यायच्या असतात. ओढल्या तर तो आणखीच बसतो. बाबांनी ओढल्या होत्या.

मला भयंकर धक्का बसला होता, पण तो आईने चूक केली याचा नव्हता. आम्ही तिघांनी ते कापड हातात घेतलं होतं. तिघांनाही ते आवडलं होतं. जन्मभर ज्या हातांवर भरवसा ठेवला, त्याच हातांनी आम्हाला सांगितलं होतं की आता हे चांगलं झालं. मी माझ्या बोटांकडे बघत बसले, ती कुणा परक्याची असावीत तशी.

आई त्यानंतर इस्पितळात गेली नाही. डबा करून द्यायची, मऊ भात, माशाचं पातळ कालवण, सगळं त्यांच्या आवडीचं. पण मीच नेऊन द्यायची. बाबा रोज विचारायचे, आई कुठंय? मी रोज काहीतरी सांगायची. शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ती येणार नाही, तिने काय केलंय तुला ठाऊक आहे का? आणि सगळं सांगून टाकलं. लेप, फुंकर, आईचा झटकलेला हात. सांगता सांगता माझा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

बाबा छताकडे बघत होते. मला भीती वाटली की मी घर मोडलं.

"पास कोनी केलं?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मी पास केलं. मग तक्रार कोनावर येनार? तिला बोलव."

मी खाली जिन्यात जाऊन रडले. इतका राग धरून ठेवला होता मी या माणसावर, त्याच्या त्या इंजिनावर, आणि तो माणूस पाय तारेने टांगून पडल्या पडल्या धंद्याचा रिवाज पाळत होता.

आई आली. दोघं काय बोलली ते मला माहीत नाही, मी बाहेर थांबले. आत गेले तेव्हा तिचा हात त्यांच्या डाव्या गुडघ्यावर होता. उजवा प्लास्टरमध्ये होता.

बाबा काठी घेऊन चालायला लागले तेव्हा शिक्षक पुन्हा आले, विचारपूस करायला. डॉक्टरांनी बाबांना धावायची कायमची मनाई केली होती, म्हणजे विषय संपला होता. इंजिन न्हाणीघरापलीकडे फडक्याखाली पडलं होतं. चहा झाला. बाबा पुन्हा तसेच वाळायला लागले होते, दुपारी दचकून उठायचे. आणि आई शिक्षकांना म्हणाली, "पळता न्हाय आलं तर चाकांवर बसून उडता येतं ना? मी मोबाइलमधे बघितलं, तीन चाकांची गाडी असते."

मी तिला स्वयंपाकघरात ओढलं. तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं मी माझ्या आईला विचारलं. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "माझ्या हातानं बंद पडलं ते. तसंच बंद राहिलं तर मना त्यांच्याकडे बघवायचं न्हाय." मी पुष्कळ वाद घातला. वरून पडलेल्या माणसाला पुन्हा वर पाठवायचं, हे प्रेम आहे की वेड, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही पुरतं कळलेलं नाही.

तीन चाकांची गाडी आली. नवा पंख आला, हिरवा. शिक्षकांनी पिशवी ओटीवर ठेवली, आणि बाबांचा हात सवयीने पुढे गेला, अंगठा आणि बोट जुळलेलं. आईने तो हात वरच्यावर धरला.

"हातानं कलत न्हाय," ती म्हणाली.

तिने कापड पसरलं आणि पहिला कप्पा ओढला. बाबांचा तळहात पाण्यात बुडवून ओला केला आणि कापडाच्या मागे नेऊन ठेवला. मग तिने कापडाला तोंड लावून फुंकर मारली. चूल फुंकून फुंकून तयार झालेल्या छातीची फुंकर. तिचे गाल फुगले, कपाळावरची शीर वर आली. श्वास संपेपर्यंत ती फुंकत राहिली. मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"वारा लागला?" तिने धापा टाकत विचारलं.

"न्हाय," बाबा म्हणाले.

तिने त्यांचा हात पुन्हा पाण्यात बुडवला आणि दुसरा कप्पा ओढला.